रद्दीवाल्याला देण्याआधी

आपल्या वयाच्या माणसांना वस्तू टाकवत नाही, हे आपणही मान्य कराल. मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा, लोणच्याची काचेची बरणी, साडीच्या खोक्यातला जाड कागद, कुणाच्या तरी भेटवस्तूवरून जपून सोडलेली रेशमी फीत, यांपैकी काही ना काही आपल्या कपाटाच्या तळाशी असतेच. मुलगा किंवा सून आवराआवर करायला बसली की या वस्तूंवरून दोन शब्द होतात, आणि बहुतेक वेळा आपण माघार घेतो. रद्दीवाला येतो, खोकी चपटी करून दोरीने बांधतो आणि निघून जातो. ही साठवण्याची सवय अगदीच निरुपयोगी नाही, इतकेच नव्हे तर तीन-चार वर्षांच्या नातवंडांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या आपल्याला ती फार उपयोगी पडते, असे गेल्या दीड वर्षाच्या अनुभवावरून मी सांगू शकतो.

आपण स्वतः कशाशी खेळलो ते आठवून पाहा. चिंध्यांची बाहुली, रिकाम्या काड्यापेट्या एकात एक अडकवून केलेली आगगाडी, दोन करवंट्या आणि सुतळी यांचा तराजू, सायकलची जुनी टायर आणि ती पळवायला काठी. सागरगोटे, चिंचोके, बांगड्यांच्या काचा हे तर पुन्हा पुन्हा मोजून ठेवायचे धन होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. विकतची खेळणी परवडत नव्हती म्हणून आपण करवंट्यांशी खेळलो. परवडली असती तर आपल्या आईवडिलांनीही ती आणली असती. तरीही त्या खेळांत एक गोष्ट अशी होती जी आजच्या पेटीबंद खेळण्यांत सहसा आढळत नाही. करवंटी ही तराजूचे पारडे होते, तशीच ती भातुकलीतले पातेले होते, पावसाळ्यात होडी होते आणि उन्हाळ्यात मातीचे मुटके पाडायचा साचा होते. ती काय आहे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असे.

आमच्या घरी मुलगा आणि सून दोघेही सकाळी साडेनऊला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सातच्या आत परतत नाहीत. नात आता पावणेचार वर्षांची आहे. ती दुपारी बाराला बालवाडीतून येते, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत घरात आम्ही तिघे. मी सत्तरी ओलांडलेला, आणि सौ. ला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात आणि थोडासा उजवा पाय अधू झालेला. असे घर आपल्या ओळखीचे असेल. एकीकडे सारखे हलते राहणारे मूल, दुसरीकडे जपून हलणारी दोन माणसे, आणि मध्ये सात तास.

टाकाऊ वस्तूंतून मुलांना शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही, हे मुद्दाम नमूद करतो. कारण आजकाल तो परदेशातून आल्यासारखा सांगितला जातो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले. माँटेसोरी पद्धतीची त्यांना उत्तम जाण होती. पण त्या पद्धतीची घोटीव लाकडी साधने महाग, खेड्यातल्या शाळेला न परवडणारी. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये रुजले. तिथे मोजायला शिंपले आणि खडे आले, रंग ओळखायला पाने आणि फुले आली, लहान-मोठे लावायला बिया आणि काड्या आल्या. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. आज आपण सहज उच्चारतो तो ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच कामाच्या परंपरेतला. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, या दोघींनी स्थानिक साधने गरिबीतली तडजोड म्हणून वापरली नाहीत. मुलाच्या हाताला ओळखीची असलेली वस्तू मुलाला अधिक शिकवते, यावर त्यांचा विश्वास होता.

अलीकडच्या काळात हेच काम अरविंद गुप्ता यांनी विज्ञानाच्या अंगाने केले. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण उपक्रमात गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरे आणि मनोरे करण्याची युक्ती त्यांनी रूढ केली. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण दाबला तरी हलत नाही; पुलांच्या बांधणीतले तत्त्व मुलाच्या बोटांना असे काही पैशांत कळते. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायमन निकोल्सन यांनी १९७१ साली एका लेखात असे मांडले होते की, भोवतालात सुटे, हलवता-जोडता येणारे भाग जितके जास्त, तितका मुलांच्या कल्पकतेला वाव जास्त. करवंटीविषयी मी वर जे म्हटले, ते याहून फारसे वेगळे नाही.

आता प्रत्यक्षाकडे येतो. आमच्या घरात सर्वाधिक चाललेला खेळ पाण्याचा आहे. मोरीत एक प्लास्टिकचा टब, त्यात शरबताची उंच बाटली, जॅमची बुटकी बरणी, शाम्पूची स्वच्छ धुतलेली बाटली, एक नरसाळे आणि चहाचे जुने गाळणे. नात पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसते. एका दुपारी तिने बुटक्या बरणीतले सगळे पाणी उंच बाटलीत ओतले आणि मला बोलावून सांगितले, “आबा, बघ, पाणी वाढलं!” मी विचारले, कुठून वाढले? तिने बाटलीतल्या पाण्याच्या उंचीवर बोट ठेवले. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग मुलांबरोबर करून दाखवला होता. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल उंचीवरून प्रमाण ठरवते. पाणी तेवढेच आहे, हे त्याला सांगून पटत नाही. म्हणून मी काहीच सांगितले नाही. तिने ते पाणी परत बरणीत ओतले, ‘कमी’ झालेले पाहिले, पुन्हा बाटलीत ओतले. आज चार महिने झाले, ती अजून अधूनमधून ओतून पाहते आणि उंच बाटलीतले पाणीच जास्त असे सांगते. मात्र हल्ली सांगण्याआधी क्षणभर थांबते. त्या थांबण्यात मला जे दिसते, ते बालवाडीच्या गिरवण्याच्या वहीत दिसत नाही. (मोरी ओली होते, हे खरे. टब उचलण्याआधी मी रबरी तळव्याच्या सपाता घालतो, आणि पाणी टबाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भरत नाही. अगदी थोड्या पाण्याजवळही लहान मुलाला एकटे सोडायचे नसते.)

दुसरा खेळ पुठ्ठ्याच्या खोक्याचा. मिक्सरचे खोके आमच्याकडे तीन आठवडे टिकले. ते पहिल्यांदा दुकान होते, मग बस, मग मनीमाऊचे घर, आणि शेवटी त्याचा तळ फाटल्यावर बोगदा. इथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या हातात कला आहे, त्यांना असे खोके दिसले की कात्री घेऊन सुबक खिडक्या, दारे, कौले करून द्यावीशी वाटतात. तसे घर देखणे होते आणि मूल ते दोन दिवसांत विसरते, कारण त्यात त्याने करण्याजोगे काही उरत नाही. पुठ्ठा जाड असेल तर भोक आपण पाडावे. भोक कुठे पाडायचे ते मुलाने सांगावे. आमच्या मनीमाऊच्या घराचे दार छतावर होते. तसे का, असे मी विचारल्यावर उत्तर आले, “ती उडी मारून जाते.” चिकटवण्यासाठी विकतचा गोंद मी आणत नाही. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या न होता कालवून मंद आचेवर ढवळत शिजवला की पूर्वी पतंगांना लावत ती खळ तयार होते. ती पोटात गेली तरी काळजी नाही. दोन दिवसांत ती आंबते, मग नवी करायची.

आता सौ. च्या हाताविषयी. झटक्यानंतर फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला उजव्या हाताचे काही व्यायाम दिले होते. त्यांत कपड्यांचे चिमटे अंगठा आणि तर्जनी यांनी दाबून पुठ्ठ्याच्या कडेला लावणे आणि काढणे होते, मऊ गोळा मळणे होते, लहान वस्तू उचलून वाटीत टाकणे होते. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे. पहिले दोन महिने तिने ते केले आणि मग सोडून दिले. ज्या हाताने पस्तीस वर्षे पुरणपोळ्या लाटल्या, त्या हाताने एकटीने बसून चिमटे लावत राहण्यात तिला अपमान वाटे. “अहो, मी काय बालवर्गात बसले आहे?” असे ती म्हणे, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पक्षाघातानंतर उदासीनता येणे हे आजाराचेच एक अंग असते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. तरी घरात ते रोज पाहणे अवघड असते. आपल्यापैकी ज्यांनी जोडीदाराची शुश्रूषा केली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

पुढे झाले ते असे. नातीसाठी मी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर खडूने चार रंगांचे ठिपके दिले आणि त्या त्या रंगाचे चिमटे शेजारी ठेवले. लहान मुलाला चिमटा दाबायला बरेच बळ लागते. पेन्सिल धरण्यासाठी अंगठा आणि दोन बोटांची जी पकड लागते, तीच यात घडते. नातीला सुरुवातीला चिमटा दाबला जाईना. ती तो घेऊन आजीकडे गेली. आजीच्याही उजव्या हाताला तो दाबला जाईना. दोघी बराच वेळ खटपट करत होत्या. शेवटी आजीने चिमटा धरला, नातीने तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवून दाबला, आणि लाल चिमटा लाल ठिपक्यावर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीने स्वतःच ट्रे आणून आजीच्या मांडीवर ठेवला, आणि तिसऱ्या दिवशीही. फिजिओथेरपिस्ट ताईंना टाळणारी सौ. नातीला टाळू शकत नव्हती.

त्यानंतर खेळ वाढत गेले. कणकेचा गोळा दोघींत वाटून घेतला जाई. एकीच्या साप-गोगलगायी होत, दुसरीच्या छोट्या पुऱ्या. जुन्या मासिकांच्या पानांच्या लांब त्रिकोणी पट्ट्या काडीवर गुंडाळून, टोकाला खळ लावून मणी होतात. ते दोऱ्यात ओवायला दोन्ही हात लागतात, म्हणून अधू हात दोरा नुसता धरून ठेवण्याचे काम तरी करतो. मासिक एकच अट पाळून घेतो, पान चकचकीत असले तर मणी चांगला दिसतो. (हे पाक्षिक फाडले जात नाही, याची संपादकांनी खात्री बाळगावी.)

यातून चमत्कार घडला असे मी लिहिणार नाही. सौ. च्या उजव्या हाताला अजून ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत आणि सही डाव्या हातानेच होते. वाटी मात्र आता ती उजव्या हातात धरते, आणि आमटी सांडत नाही. यात खेळाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे वेगळे काढता येण्यासारखे नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंना आम्ही हे सगळे दाखवले. त्यांनी खेळ चालू ठेवायला सांगितले आणि मनगट कसे ठेवावे यात दोन दुरुस्त्या केल्या. आपल्या घरी असा रुग्ण असेल तर आपणही हे त्यांना दाखवूनच करावे, कारण ताठरलेल्या हाताला चुकीच्या रीतीने जोर लावल्यास त्रास वाढू शकतो. पण दुपारी दोन वाजता कुणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव कोणत्याही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

सावधगिरीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण ज्या घरात ज्येष्ठ राहतात त्याच घरात लहान मुलांना अपायकारक अशा टाकाऊ वस्तू अधिक असतात. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या चकचकीत दिसतात, दाबल्या की आवाज करतात, आणि मुलांना फार आवडतात. त्या खेळायला कधीही देऊ नयेत. त्यांच्या कडा जिभेला कापतात हा एक भाग. त्याहून मोठा धोका असा की, पट्टी दाबायची आणि आतले काढायचे ही सवय रिकाम्या पट्टीवर लागली की भरलेल्या पट्टीवरही चालते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांची एखादी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. औषधांच्या बाटल्या, फिनाइलचे डबे, कीटकनाशकांची भांडी कितीही धुतली तरी खेळात येऊ नयेत.

श्रवणयंत्र, काट्यांचे घड्याळ, ग्लुकोमीटर, वजनकाटा यांत गोल चपट्या बटण-बॅटऱ्या असतात. आपण जुनी बॅटरी बदलतो आणि ती टेबलावर राहते. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. बॅटरी वापरून संपलेली असली तरीही. असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये, उलटी करवू नये, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. लहान लोहचुंबकांचेही तसेच. तीन वर्षांखालील मुलांसाठी एक साधी कसोटी आहे: साधारण चार सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीतून, म्हणजे टिश्यू कागदाच्या गुंडाळीत असते तशा नळीतून, जी वस्तू आरपार जाते ती त्या मुलाच्या हाती द्यायची नाही. बाटल्यांची झाकणे, चिंचोके, मणी, बटणे ही सगळी या कसोटीत बाद होतात. फुगे आणि प्लास्टिकच्या पिशव्या तर त्याहून मोठ्या मुलांनाही लक्ष ठेवल्याशिवाय देऊ नयेत.

आणि धोका आपल्यालाही आहे. फरशीवर पडलेले बाटलीचे झाकण पायाखाली आले की नातवंडाचे काही बिघडत नाही, आपले खुब्याचे हाड मोडते. आमच्याकडे खेळ फक्त एका सतरंजीवर चालतो. सतरंजीच्या चारही टोकांना धरून शेवटी सगळे एकदम टोपलीत ओतायचे, म्हणजे वाकून एकेक वेचावे लागत नाही. मी जमिनीवर बसत नाही. नात चौरंगाशी बसते आणि मी खुर्चीवर.

मोबाइलविषयी आपण विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले असे म्हटले. ही माहिती मुले आपल्याला ऐकवतात. पण सात तास मूल सांभाळताना चार वाजेपर्यंत आपले शरीर किती थकते, हे ऐकून घेणारे कमी. मोबाइल आपल्याला अर्धा तास निवांतपणा देतो, आणि त्या मोहाला मी नावे ठेवणार नाही. मला आढळले ते इतकेच की, पाण्याच्या टबाशी किंवा चिमट्यांच्या ट्रेशी रमलेल्या मुलाला आपण रमवावे लागत नाही. जवळ बसावे लागते, नजर ठेवावी लागते. गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे, घोडा होणे यांतून मात्र सुटका होते. सत्तरीच्या गुडघ्यांना हा फरक चांगलाच कळतो.

राहिला प्रश्न पसाऱ्याचा. सूनबाईंनी पहिल्याच महिन्यात स्पष्टपणे विचारले, “बाबा, हे सगळं घरात किती दिवस ठेवायचं?” प्रश्न रास्त होता, दोन खोल्यांच्या घरात अंड्यांचे अकरा ट्रे मावत नाहीत. मग असे ठरले की दिवाणाखाली बसेल एवढी एकच टोपली, आणि ती भरली की नवी वस्तू यायच्या आधी एक जुनी जायची. काय जायचे ते नातीने ठरवायचे. सुरुवातीला ती रडली. आता रद्दीवाला आला की ती स्वतः दारात जाते आणि फाटलेला बोगदा त्याच्या हाती देताना त्याला बजावते की, यात मांजर राहत होते. तोही गंभीरपणे मान डोलावतो.

आपल्याला सुरुवात करायची असेल तर फार जमवाजमव करू नका. एक मोठे खोके, पाच-सहा झाकणांचे डबे आणि मूठभर चिमटे पहिल्या महिन्याला पुरतात. डबे आणि त्यांची झाकणे वेगळी करून ठेवा, कोणते कोणाला बसते ते मूल शोधेल. आपल्यासाठी मात्र खुर्ची हातांची घ्या; उठताना आधार लागतो.